ज्वारी की बाजरी

माझ्या आईचा एक नियम आहे. कुठलीही गुन्ह्याची मालिका लावा, पहिल्या दहा मिनिटांत एखादा ओळखीचा नट उगाचच चहा देताना नाहीतर गाडी पुसताना दिसला की खुनी तोच. "एवढ्या मोठ्या नटाला काय कपबशा उचलायला बोलावलंय होय," असं म्हणते आणि मेथी निवडायला घेते, पुढचा तपास त्या पोलिसांनी निवांत करावा. बहुतेक वेळा बरोबर येतं. इंग्लिश मालिकांनाही हाच नियम, फक्त तिथले नट तिला माहीत नसतात म्हणून मला विचारते, "हा कशात होता गं?" आणि मी बावळटासारखं सांगून टाकलं की अगं हा त्या अमक्यात हिरो होता, की झालं, केस क्लोज, माझा उरलेला एक तास वाया.

मला दोनच प्रकारच्या मालिका चालतात, डिटेक्टिव्ह आणि डॉक्टर. सासू-सुना, लग्नं, राजे-महाराजे यात मला दहा मिनिटांत झोप लागते, पण मेलेला माणूस दाखवा किंवा मरायला टेकलेला दाखवा, मी रात्री दोनपर्यंत टक्क जागी. नवरा म्हणतो हे काही बरं लक्षण नाही. असेल.

हे आमच्याकडे सीआयडीच्याही आधीपासूनचं आहे. १९८५ साली दूरदर्शनवर पंकज कपूरचा करमचंद गाजर खात खात किटीला गप्प करायचा, ते आईने बघितलं. मग मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आली, त्यात शिवाजी साटम, दिग्दर्शक बी. पी. सिंग, आणि हेच दोघं पुढे १९९८ मध्ये सोनीवर 'सीआयडी' घेऊन आले ती २०१८ पर्यंत चालली, पंधराशेच्या वर एपिसोड. मधे १९९३ चा ब्योमकेश. आईच्या मते आजपर्यंतचा सगळ्यात चांगला डिटेक्टिव्ह म्हणजे रजित कपूरचा ब्योमकेश, कारण "धोतर नेसून शांतपणे डोकं चालवतो, कोणाची दारं मोडत नाही." यावर मी वाद घालत नाही कारण तिचं बरोबर आहे.

सीआयडीला हसणं सोपं आहे आणि मी भरपूर हसलेय. डॉक्टर साळुंखेंच्या लॅबमध्ये ते निळं-हिरवं काहीतरी सतत उकळत असायचं, आणि एसीपी दारातून आत आले की रिपोर्ट तयार. आपल्याकडे पेपरात "व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे" असं एक वाक्य येतं ना, तो व्हिसेरा, म्हणजे मेलेल्याच्या पोटातल्या अवयवांचे नमुने, कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबला जातो आणि रिपोर्ट यायला कधीकधी महिनोन्महिने लागतात, तोपर्यंत वाचणारा ती बातमी विसरलेला असतो. दुसरी गंमत म्हणजे शेवट. दर एपिसोडच्या शेवटी दया एक कानाखाली देतो आणि आरोपी घडाघडा सगळं सांगून टाकतो, हो मीच मारलं, का मारलं, कसं मारलं. आता आपल्या कायद्यात पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही, इंग्रजांच्या काळापासून नाही चालत आणि नव्या साक्ष अधिनियमातही तेच आहे. म्हणजे वीस वर्षं एसीपी प्रद्युम्न फांसी फांसी म्हणत राहिले आणि त्यातले निम्मे लोक पुढे कोर्टात निर्दोष सुटले असणार असा माझा संशय आहे. पण ते मालिकेत येत नाही. खुनी सापडला की नावं वर सरकायला लागतात.

हे लक्षात ठेवा, परत येते याच्यावर.

माझी स्वतःची लाईन मात्र डॉक्टरांची. २००९ ला पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हा रूममेटच्या हार्ड डिस्कवर 'हाऊस' मिळाली आणि त्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले, स्पष्टच सांगते. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, हाऊस हा एक लंगडा, खडूस, पेनकिलर गोळ्या चघळणारा डॉक्टर, कोणालाच न कळलेल्या रोगाचे पेशंट त्याच्याकडे येतात आणि तो ते सोडवतो, म्हणजे पेशंट नाही सोडवत, कोडं सोडवतो. २००४ ते २०१२, आठ सीझन, १७७ एपिसोड. मला अर्ध्यात कळलं की हा माणूस शेरलॉक होम्सच आहे. हाऊस आणि होम्स, विल्सन आणि वॉटसन, एकाचं कोकेन तर दुसऱ्याच्या गोळ्या, घराचा नंबरसुद्धा २२१बी ठेवलाय त्यांनी. आणि हे उलटं वर्तुळ आहे बरं का, कारण होम्स मुळात एका डॉक्टरवरून काढलेला. कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर, एडिनबरोला शिकत असताना त्याला जोसेफ बेल नावाचे सर होते, ते पेशंटने तोंड उघडायच्या आधीच त्याचा धंदा आणि गाव सांगायचे. एक माणूस आत आला, साध्या कपड्यात, बेल म्हणाले तू सैन्यात होतास, नुकताच सुटलायस, आणि बार्बाडोसला होतास. कसं? तर माणूस आदबशीर होता पण आत येऊन टोपी काढली नाही, म्हणजे सैन्यातली सवय अजून गेली नाही, आणि त्याला झालेला हत्तीरोग, तो वेस्ट इंडीजचा. संपलं. म्हणजे डिटेक्टिव्ह आणि डॉक्टर या माझ्या दोन आवडी नाहीतच, एकाच पोटची दोन पोरं आहेत.

म्हणून मला नवा 'शेरलॉक', २०१० चा बीबीसीचा, तितका नाही आवडला. लोक मारतील मला. पण तो बघतो आणि हवेत अक्षरं उमटतात, बूट, चिखल, घटस्फोट, कुत्रा. विचारत काहीच नाही. समोरच्या माणसाला एक प्रश्न विचारून त्याच्या उत्तराची वाट बघणं हे त्याला जमत नाही आणि मला तेच बघायचं असतं. त्यापेक्षा जुना कोलंबो बघा, पीटर फॉकचा, तो चुरगळलेला रेनकोट. त्यात खुनी कोण हे पहिल्या वीस मिनिटांत दाखवूनच टाकतात, म्हणजे आईचा नियम तिथे बेकार. मग पूर्ण वेळ हा बाबा त्या श्रीमंत खुन्याच्या बंगल्यात जाऊन बायकोच्या गोष्टी सांगतो, तुमचे बूट किती मस्त आहेत, कुठे घेतले, केवढ्याला पडले, आणि जायला निघतो, आणि दारात परत वळतो. हां, अजून एकच.

हिंदी हॉस्पिटल मालिकांबद्दल फार बोलत नाही. 'संजीवनी' बघितली, 'दिल मिल गये' सगळ्या मुलींनी बघितली तशी मीही बघितली, त्यात पेशंट हा नायक-नायिकेच्या भेटीला लागणारा एक पलंग असतो. डॉक्टर चष्मा काढतो, पुसतो, आता दवा नहीं दुआ म्हणतो. आई अजून विजया मेहतांच्या 'लाइफलाइन'चं नाव काढते आणि म्हणते तसं हॉस्पिटल पुन्हा कोणी दाखवलं नाही.

आणि ती सरळ रेषा. मॉनिटरवर रेषा सरळ झाली की डॉक्टर दोन इस्त्र्या घेऊन धावतो, शॉक देतो, पेशंट अर्धा फूट उडतो, डोळे उघडतो. सरळ रेषेला शॉकचा उपयोग नसतो. शॉक हा वेडावाकडा थरथरणाऱ्या हृदयाला ताळ्यावर आणायला देतात, थांबलेल्याला नाही. तिथे छाती दाबत राहायचं आणि इंजेक्शनं द्यायची, आणि ते दिसायला फार वाईट दिसतं. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, त्यांनी 'ईआर' वगैरे मालिका बसून मोजल्या. छाती दाबल्यावर टीव्हीवरचे ७५ टक्के पेशंट तिथल्या तिथे वाचले आणि ६७ टक्के बहुधा घरीसुद्धा गेले. खऱ्या हॉस्पिटलात हा आकडा याच्या जवळपासही नसतो. मला हे वाचून माहीत होतं पण एका रात्री कॅज्युअल्टीत आईच्या शेजारच्या कॉटवर एका म्हाताऱ्या बाबांना आणलं, आणि त्यांचा मुलगा, पस्तिशीचा असेल, तो त्या ज्युनिअर डॉक्टर मुलीला ओरडून सांगत होता, "शॉक द्या ना मॅडम, शॉक का नाही देत तुम्ही," आणि ती दाबतेय, घाम गाळतेय, उत्तर द्यायला तिला श्वास नाही. पडदा ओढून घेतला त्यांनी मग. तो मुलगा असं का म्हणत होता हे त्या खोलीत मला पक्कं माहीत होतं.

आई तिथे का होती ते सांगते.

खोकला. कोरडा, आठ महिने. आधी घरचं, आलं-मध-हळद. मग आमचे नेहमीचे डॉक्टर, अँटिबायोटिकचे दोन कोर्स. मग कोणीतरी म्हणालं अ‍ॅसिडिटीने पण खोकला येतो, त्या गोळ्या. मग दमा, मग पंप. थुंकी तपासली, टीबी नाही, पेढे वाटायचे बाकी होते. एक्स-रेवर "थोडं इन्फेक्शन आहे." एका मोठ्या हॉस्पिटलात चार दिवस ठेवलं (तीच ती कॅज्युअल्टीची रात्र), बाराशे रुपयांचं रोज काहीतरी तपासलं, आणि डिस्चार्ज पेपरवर परत दमाच. तोपर्यंत डोंबिवलीच्या जिन्याला ती प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली होती, आणि थांबलं हे कळू नये म्हणून तिथल्या पाट्या वाचायची. "अगो, हे कुलकर्ण्यांनी नवीन पाटी केली वाटतं." ती पाटी सहा वर्षं जुनी होती.

आणि मी काय करत होते? मी रात्री हाऊस परत पहिल्यापासून लावली होती, हसू नका, मला खरंच वाटत होतं कुठल्यातरी एपिसोडमध्ये असेल. वहीत नावं लिहून ठेवलेली माझी. सार्कॉइड. ल्युपस. तिथे दर दुसऱ्या एपिसोडला कोणीतरी ल्युपस म्हणतं आणि तो नसतो.

शेवटी ऑफिसमधल्या एकीने ठाण्याचे एक छातीचे डॉक्टर सांगितले. सत्तरीच्या आसपास, जुनी बिल्डिंग, लाकडी बाक, कंपाउंडर हाताने नंबर लिहितो. अडीच तास बसलो. सगळी फाईल, ते एक्स-रेचे मोठे पाकीट, प्लास्टिकची पिशवी, मी टेबलावर ठेवली तर त्यांनी ती बाजूला सारली. आधी आईचे हात हातात घेऊन नखं बघितली. मग पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, अगदी खाली, कमरेच्या वर. मग बीपीच्या पट्ट्याचं वेल्क्रो माझ्या कानाशी धरून हळूच उघडलं. चर्रर्र. "असा आवाज येतोय." मग खुर्चीत बसले आणि विचारायला लागले. स्वयंपाक कशावर? घर केव्हाचं? भिंतीला ओल? आधी नोकरी कुठे? कापूस, धान्य, पिठाची गिरणी? घरात पक्षी?

"नाही," आई म्हणाली.

"आजूबाजूला कबुतरं?"

"ती काय हो, सगळीकडेच असतात."

"दाणे वगैरे घालता का त्यांना?"

"छे छे. आमच्या सोसायटीत बंदीच आहे."

हे खरं होतं. बंदी होती, लिफ्टशेजारी नोटीस होती, पाचशे रुपये दंड, आणि खाली सह्या करणाऱ्यांत आई होती. मी आईकडे बघितलं. आई भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे बघत होती, फार मन लावून.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसायला लागले, मला वाटलं आता दुआ येतेय. चष्मा पुसता पुसताच, वर न बघता, म्हणाले, "ज्वारी घालता की बाजरी?"

"ज्वारी," आई म्हणाली. "बाजरी उष्ण पडते त्यांना."

मग खोलीत कोणीच काही बोललं नाही. बाहेर कंपाउंडर नंबर पुकारत होता.

हाऊसचं एक लाडकं वाक्य आहे, सगळे खोटं बोलतात. म्हणून त्याची टीम पेशंटच्या घरी कुलूप उघडून चोरून घुसते, फ्रीज उघडते, बेसिनखाली बघते. इतकी वर्षं मी याला हसत होते की असं कुठे असतं का, डॉक्टर घरफोड्या करत हिंडतात का. आमच्याकडे पहिल्या महिन्यात कोणी कुलूप तोडून आलं असतं ना, दया आला असता तरी चाललं असतं, तर त्याला गॅलरीत एसीच्या मशीनमागे ते घरटं दिसलं असतं, वाळून पांढरी झालेली घाण, पिसं, आणि कठड्यावर स्टीलची वाटी. तीच पूजेतली जुनी वाटी. मी दर रविवारी जात होते. त्याच गॅलरीत कपडे वाळत घालत होते. टीव्हीवर कोणाच्या बुटाला चिखल लागला तर मला दिसतो.

एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, झाला, नाव मिळालं. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतरांच्या वाळलेल्या घाणीतले आणि पिसांच्या पावडरीतले कण श्वासातून आत जातात आणि काही जणांची फुफ्फुसं त्याच्यावर चिडतात, सगळ्यांची नाही, म्हणून तर शेजारच्या काकूंना काही झालं नाही. खरं सांगते, रिपोर्ट हातात आला तेव्हा मला एक क्षण आनंद झाला. चक्क. कोडं सुटलं होतं. हाऊसमध्ये या जागी तो कोणाशीतरी भलतंच बोलत असताना मधेच थांबतो, शून्यात बघतो, काठी टेकत निघून जातो, पुढच्या सीनमध्ये पेशंट उशीला टेकून हसतोय, नवरा फुलं घेऊन आलाय, संगीत, संपलं.

डॉक्टरांनी सीटीची फिल्म उजेडावर धरली आणि खालच्या भागात बोट फिरवलं. "हे जे जाळं दिसतंय ना, हा व्रण आहे. हा आता जाणार नाही. उरलेलं वाचवायचं."

तर नाव सापडल्यावर जे असतं त्याचे एपिसोड कोणी काढत नाही, आणि आम्ही गेलं दीड वर्षं तेच बघतोय. स्टेरॉइड. त्याने खोकला कमी झाला आणि शुगर तीनशेवर गेली. चेहरा सुजून गोल झाला, लग्नातल्या लोकांनी सांगितलं की बाई तब्येत छान सुधारली. रात्री झोप नाही म्हणून पहाटे तीनला बेसनाचे लाडू वळायची. सहा मिनिटं चालायची टेस्ट असते, लांब कॉरिडॉरमध्ये बोटाला ऑक्सिमीटर लावून येरझाऱ्या घालायला लावतात, सिस्टर घड्याळ घेऊन उभी, आणि आईने तिला विचारलं की पोचायचं कुठे आहे नक्की. ऑक्सिजन ८६ वर आला तेव्हा थांबवलं. घरी कॉन्सन्ट्रेटर आला, भाड्याने, दिवसाचे काही तास. जाळीवाला आला. त्याने घरटं काढलं तेव्हा आईला दोन दिवस माझ्याकडे आणून ठेवलं होतं, आणि ती फोनवर त्याला विचारत होती, अंडी नव्हती ना रे त्यात?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून रान पेटलं, महापालिकेने ताडपत्री घातली, लोकांनी येऊन ती काढली, सगळ्या चॅनलवर तेच. बातम्या लागल्या की आई रिमोट उचलायची. मी विचारलं तुझं मत काय, तर म्हणाली माझं मत माझ्या फुफ्फुसात आहे. हे बहुतेक तिने आधीच तयार करून ठेवलेलं, कारण नंतर मावशीलाही हेच ऐकवलं.

हल्ली मला जी डॉक्टरांची मालिका आवडली ती 'द पिट'. पिट्सबर्गची कॅज्युअल्टी, एक एपिसोड म्हणजे एक तास, पंधरा एपिसोड म्हणजे पंधरा तासांची एकच ड्युटी. त्यातला मुख्य डॉक्टर नोआ वायली, जो १९९४ मध्ये 'ईआर'मध्ये कोवळा विद्यार्थी होता, आता दाढी पांढरी. मला त्यात काय आवडलं तर वेटिंग रूम. बाहेर माणसं बसलीयेत, तासन्‌तास बसलीयेत, चिडतायत, एखादा उठून निघून जातो, आत जागा नाही, आणि एकदा रोग कळला म्हणून तो पेशंट गायब होत नाही, पुढच्या एपिसोडला तिथेच पडलेला असतो, वर बेड मिळायची वाट बघत. मी ती बघताना पहिल्यांदाच मला रोग ओळखायची घाई झाली नाही. आई मात्र एका एपिसोडला उठली. जेवताना एवढं रक्त नको म्हणाली.

तिला सीआयडीच लागते. डिसेंबर २०२४ मध्ये परत सुरू झाली तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं होतं, जणू कोणी नातेवाईक अमेरिकेहून आलाय. आता मशीनची घरघर असते म्हणून टीव्हीचा आवाज मोठा, टीव्ही मोठा म्हणून आम्ही मोठ्याने बोलतो, खालच्या मजल्यापर्यंत सगळा तपास ऐकू जातो.

गेल्या रविवारी कपडे वाळत घालत होते. जाळीच्या बाहेर, कठड्याच्या कडेला, हात कसाबसा पोचेल अशा जागी चार दाणे होते. पांढरे, गोल. जाळीला तिथे बोट जाईल एवढं एक भोक होतं, सरळ, चाकूने कापल्यासारखं.

मी आत आले. नाकात नळी लावून ती सोफ्यावर बसली होती, समोर कोणाचीतरी बॉडी पांढऱ्या चादरीखाली. मी शेजारी बसले, थोडा वेळ काहीच बोलले नाही, ब्रेक लागू दिला, चष्मा काढला, ओढणीला पुसत पुसत अगदी सहज विचारलं, "आई, घरात ज्वारी संपलीये की बाजरी?"

तिने टीव्हीवरची नजर काढली नाही.

"हा एपिसोड बघितलाय मी," म्हणाली.